गवताचे मैदान आणि आपली काळी माती



मला खेळाविषयी बोलण्याचा आग्रह झाला. मी मात्र मैदानाविषयी बोलणार आहे. खेळाडूंचे कौतुक सगळेच करतात. तो ज्या जमिनीवर पडतो तिची विचारपूस कोणी करीत नाही.

मी बरीच वर्षे एका शाळेचे मैदान सांभाळले. एका जुलैमध्ये चार दिवसांच्या झडीनंतर मुलांनी फुटबॉलचा हट्ट धरला आणि मी होकार दिला. चूक माझीच होती. पावसाळा सरला, ऊन पडले आणि बुटांचा एकेक ठसा विटेसारखा कडक झाला. अशाच एका खळग्यात पाय मुरगळून नववीतला एक मुलगा कित्येक आठवडे लंगडत शाळेत येत होता.

अमरावती-अकोल्याची काळी माती कापसाला उत्तम, पण खेळाला अवघड. पाणी मिळाले की ती फुगते, वाळली की आकसते आणि मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. ओली असताना तुडवली तर तिच्यातील हवेच्या वाटा बुजतात आणि गवताची मुळे गुदमरतात. म्हणून मैदान मधोमध किंचित उंच ठेवावे. शंभर फुटांना एक फूट उतार पुरे. कडेने चारी काढावी.

गवत कोणते लावावे? शेतात जिच्या काशा वेचता वेचता आपली कंबर मोडते, तीच हरळी! शेतकऱ्याची वैरीण, पण मैदानाची सखी. जूनअखेर पाऊस स्थिरावला की काशांचे तुकडे वीत-वीत अंतरावर लावावेत. दीड-दोन महिन्यांत जमीन झाकली जाते. तोवर तिथे पाऊल नको. लव्हाळा गाठीसकट खणावा, गाजरगवत फुलण्यापूर्वी उपटावे. गवत वाढले तरी एका वेळी तिसऱ्या हिश्शाहून जास्त कापू नये. एकदम तासले की ते पिवळे पडते.

आता विद्यार्थी मित्र नाराज होतील, कारण पावसाळ्यात खेळ बंद! त्यांना एक गोष्ट सांगतो. 1936 साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूने तेथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखविली. त्याच ऑलिम्पिकात हॉकीचा अंतिम सामना 14 ऑगस्टला ठरला होता. पावसाने मैदान भिजले म्हणून तो दुसऱ्या दिवशी खेळवला गेला आणि ध्यानचंदांच्या संघाने जर्मनीला 8-1 असे हरविले. तेव्हा हॉकी गवतावरच होती. ऑलिम्पिकात कृत्रिम मैदान 1976 साली माँट्रियलला आले. जगाचा अंतिम सामना मैदानासाठी एक दिवस थांबतो, मग आपला शनिवारचा सामना का थांबू नये?

हिवाळ्यात हरळीची वाढ मंदावते, रंग उतरतो. ती मेली असे समजून खतपाण्याचा मारा करू नये. खेळाचे खरे दिवस हेच. रोलर फिरवायचा तो जमीन ओलसर असताना; चिखलात नव्हे, आणि दगड झाल्यावरही नव्हे.

उन्हाळ्याचा प्रश्न पाण्याचा. जिथे घरचे नळ रोज येत नाहीत तिथे पिण्याचे पाणी मैदानावर ओतणे मला पटत नाही. शाळेच्या नळाखालचे वाहून जाणारे पाणी गोलपोस्टसमोर आणि खेळपट्टीभोवती वळवावे. बाकीची हरळी वाळू द्यावी. तिच्या काशा जमिनीत जिवंत असतात, पहिल्या पावसात त्या फुटतात. भेगांत चाळलेली माती आणि कुजलेले शेणखत भरावे. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात मात्र विहिरीचे पाणी जपून वापरा. हरळी खारेपणा बराच सोसते, जमीन सोसत नाही. ती वाळली की घट्ट, भिजली की निसरडी होते. तिथे माती तपासून, सल्ल्याने जिप्सम घालावे आणि चारी मोकळी ठेवावी, म्हणजे पावसाबरोबर क्षार निघून जातात.

पालकांना एवढीच विनंती, की उन्हाळ्यात मैदान लग्नाच्या मांडवासाठी मागू नका. खुंटांचे खड्डे आणि चुलींची राख वर्षभर पुरतात.

आणि विद्यार्थ्यांनो, पावसानंतर खेळायचे की नाही हे सरांना विचारण्याची गरज नाही. चार बोटे खोल माती काढा, तळहातावर वळा. वळी झाली तर वर्गात परत जा; माती भुसभुशीत होऊन सुटली तर चेंडू आणा.