पार्वतीची साडी



आज सगळे आपापल्या यशाबद्दल बोलले. मी एक कबुली देते. ऑफिसात कोणी ‘सध्या काय बघतेस?’ असं विचारलं, की मी एखाद्या गंभीर परदेशी सिनेमाचं नाव ठोकून देते. घरी मात्र ‘अशी ही बनवाबनवी’ लागलेली असते.

1988 चा सिनेमा. भाड्याच्या खोलीसाठी सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे बायकांची सोंगं घेतात, एवढीच गोष्ट. दिवसभर प्रोग्रॅममध्ये कुठे काय बिघडेल, याची धास्ती असते. इथे पुढचं वाक्य पाठ असतं, म्हणूनच बरं वाटतं.

तरी लाज वाटायचीच.

तीन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांगवायू झाला. वाचा गेली. घरी आणल्यावर ते नुसते भिंतीकडे बघत पडायचे. धीराचं बोलून बोलून मी थकले. एका रात्री आवाज बारीक करून हाच सिनेमा लावला. लक्ष्या पार्वती होऊन आला आणि बाबा हसले. चक्क मोठ्यानं! आई स्वयंपाकघरातून धावत आली. पुढचे पाच महिने आम्ही तो रोज थोडा थोडा पाहिला. मग बाबा गेले.

आता लाज वाटत नाही.

नववीच्या गॅदरिंगला आपल्या वर्गानं यातलाच प्रवेश केला होता, आठवतं? पार्वतीसाठी बाईंनी स्वतःची साडी दिली होती. बाई, तेव्हा आभार मानायचे राहून गेले. आज मानते.