कारखाने आले, विधानसभा कुठे?
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



१९७८ च्या डिसेंबरात चीनने आर्थिक सुधारणांचा रस्ता धरला. शेन्झेनसारख्या ठिकाणी कारखाने उभे राहिले. पण महागाई आणि भ्रष्टाचार वाढला, तेव्हा लोकांना बोलायला जागा नव्हती. १९८९ मध्ये विद्यार्थी तिआनमेन चौकात बसले. ४ जूनला रणगाडे आले. सुधारणा पुढे चालू राहिल्या, तोंडे मात्र बंद झाली.

आपली गोष्ट वेगळी. आपल्या हातात मत आहे. तरी आपलाही ताळेबंद मांडू. विक्रीकराच्या सवलतीमुळे पिपरिया, मसाट, खडोलीला कारखाने आले, घराजवळ नोकऱ्या मिळाल्या. ही जमेची बाजू. पण १ जुलै २०१७ रोजी जीएसटी आला, विक्रीकर गेला आणि सवलतीचा तो आधारही सुटला. वरून मिळालेले वरूनच जाते.

आता दुसरी बाजू. १९५४ च्या मुक्तीनंतर १९६१ पर्यंत येथील कारभारात आपल्याच माणसांची वरिष्ठ पंचायत होती. पुढे विधानसभा कधीच मिळाली नाही. २६ जानेवारी २०२० रोजी दमण-दीवशी विलीनीकरण झाले, ते संसदेच्या कायद्याने. येथे सार्वमत झाले नाही.

म्हणून जे व्यासपीठ आहे ते तरी सोडू नका. ग्रामसभेला जा. रस्ता, पाणी, जमीन, जो प्रश्न असेल तो लेखी द्या आणि पोच घ्या. बँकेत पैसे भरल्यावर पावतीशिवाय कोणी खिडकी सोडत नाही. इथेही सोडू नका.