आधी दोर पाहा, मग काम करा

(शिरड शहापूर येथील शेतकरी आणि विहिरीवर काम करणारे मजूर यांच्यापुढे केलेले भाषण)



आज आपण यारीविषयी बोलू. यारी म्हणजे जड वजन उचलणारे यंत्र. शहरात तिला क्रेन म्हणतात. आपल्याकडे यारी म्हटले की विहीर डोळ्यांपुढे येते.

रानातली पिके निघाली, ऊन तापू लागले, की विहिरींची कामे निघतात. वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, त्याच्याखाली काळा खडक. मुरूम टिकावाने निघतो. खडकाला सुरुंग लावावा लागतो. फुटलेला दगड वर काढायचा, तर यारी पाहिजे. यारी काठावर उभी राहते. इंजिन सुरू होते. तारेच्या दोराला बांधलेली लोखंडी बकेट रिकामी खाली जाते आणि भरून वर येते.

तुमच्यापैकी कोणी वसमतच्या पूर्णा साखर कारखान्यावर ऊस नेला असेल. त्याने उसाचा भारा उचलणारी मोठी यारी पाहिली असेल. कोणी पुण्या-मुंबईला बांधकामावर गेला असेल. त्याने दहा मजल्यांवर माल चढवणारी यारी पाहिली असेल. यंत्र लहान असो की मोठे, मांडणी तीच. वजन वर, माणूस खाली आणि मध्ये एक दोर. म्हणून त्या दोराची चौकशी करायची.

ही चौकशी आपल्याला नवी नाही. पूर्वी विहिरीवर मोट चाले. मोट हाकणारा गडी बैल जुंपण्याआधी नाडा चाचपून पाही. नाडा झिजला असेल तर तो मोट धरीत नसे. त्याला कोणी कायदा शिकवला नव्हता. नाडा तुटला तर मोट जाईल, बैल दुखावतील, हे त्याला ठाऊक होते. आज इंजिन आले, तारेचा दोर आला. पण नाडा पाहण्याची ती सवय मात्र मोटेबरोबर गेली.

सवय गेल्यावर काय होते? उन्हाळ्यात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात लहानशी बातमी येते. यारीचा दोर तुटला, विहिरीत मजूर ठार. वाचणारा पान उलटतो. त्या घरचे पान मात्र उलटत नाही.

मोठ्या कामावरही असेच घडते. ठाणे जिल्ह्यात शहापूर नावाचा तालुका आहे. त्या तालुक्यात सरळांबे हे गाव आहे. तेथे समृद्धी महामार्गाच्या पुलाचे काम चालू होते. पुलाचे अवजड भाग उचलून उंच खांबांवर बसवणारी प्रचंड यारी तेथे होती. ३१ जुलै २०२३ चा दिवस संपून १ ऑगस्ट लागला होता. मध्यरात्र उलटली, तरी काम चालूच होते. ती यारी आणि पुलाचा भाग खाली काम करणाऱ्या माणसांवर कोसळला. २० माणसे गेली. दूरच्या राज्यांतून पोटासाठी आलेली माणसे त्यांत होती. पुढे जून २०२५ मध्ये तो रस्ता सगळा खुला झाला. आज त्यावरून गाड्या धावतात.

तेथे मोठे यंत्र होते, शिकलेले लोक होते. तरी हे घडले. मग आपल्या विहिरीवर, जिथे तपासायला कोणीच येत नाही, तिथे किती जपले पाहिजे!

आता एकेक गोष्ट पाहू.

पहिली गोष्ट दोराची. तारेचा दोर म्हणजे एक जाड तार नव्हे. तो अनेक बारीक तारांचा असतो. पुष्कळ दोरांत ६ पदर असतात आणि एका पदरात १९ तारा. म्हणजे ११४ तारा मिळून एक दोर. तो एकदम तुटत नाही. आधी एक तार तुटते, मग दुसरी. दोर आपल्याला आधीच सांगत असतो. आपण ऐकत नाही.

रोज सकाळी यंत्र बंद असताना दोर पाहा. उघडा हात फिरवू नका. तुटलेली तार सुईसारखी बोटात शिरते. जाड फडके दोराभोवती धरा आणि सरकवा. जिथे फडके अडकेल तिथे तार तुटली आहे असे समजा. सरकारच्या बांधकाम नियमांत एक माप सांगितले होते. दोराच्या जाडीच्या आठपट लांबी घ्यायची. म्हणजे बोटभर जाडीच्या दोराची साधारण अर्धी वीत. तेवढ्या लांबीत शंभरातल्या दहाहून जास्त तारा तुटलेल्या दिसल्या, तर तो दोर बाद. ही शेवटची हद्द झाली. खाली माणूस असताना त्या हद्दीपर्यंत जायचे कशाला? तारा तुटू लागल्या, दोर गंजला, चेपला, त्याला पीळ बसून गाठीसारखा मोड आला, तर बदला. दोराला वंगण द्या. कोरडा दोर आतून गंजतो आणि वरून चांगला दिसतो.

दोर तुटला म्हणून गाठ मारून पुन्हा चालवू नका. गाठीने दोराची निम्मी ताकद जाते. टोकाला फास करायचा तर कमीत कमी तीन क्लिपा लावा. क्लिपेची वाकडी कमान दोराच्या आखूड, मोकळ्या टोकावर आली पाहिजे. वजन घेणाऱ्या लांब दोरावर सपाट बाजू पाहिजे. कमान उलटी बसली तर ती वजन घेणारा दोरच चेपते. पहिले वजन उचलून झाले, की नटबोल्ट पुन्हा आवळा.

दुसरी गोष्ट वजनाची. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच असा काळा दगड घ्या. त्याचे वजन सुमारे ८० किलो भरते. आता दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच दगड घ्या. त्याचे वजन किती? पुष्कळजण म्हणतील, दुप्पट, १६० किलो. तसे नाही. ते आठपट होते. म्हणजे साडेसहाशे किलोंच्या आसपास! औंढ्याला नागनाथाच्या दर्शनाला जाल, तेव्हा देवळाच्या भिंतीतला एखादा दगड हाताने मापून पाहा आणि हा हिशेब करा. डोळ्याला दगड जेवढा वाटतो, त्याहून तो फार जड असतो. म्हणून मोठा दगड फोडून मगच बकेटीत टाका. बकेट काठोकाठ भरू नका. वर ठेवलेला एक सैल दगड पुरेसा असतो. ५० फुटांवरून सुटलेला दगड पावणेदोन सेकंदांत तळाला येतो. त्या वेळी त्याचा वेग ताशी ६० किलोमीटर असतो. वरून “सर!” अशी हाक येईपर्यंत दगड पोचलेला असतो.

तिसरी गोष्ट झटक्याची. काही यारीवाले बकेट सोडून देतात आणि तळाजवळ गच्चकन ब्रेक मारतात. काम लवकर होते खरे. पण त्या झटक्याने दोरावर वजनाच्या कितीतरी पट ताण येतो. बकेट हळू सोडा, हळू उचला.

चौथी गोष्ट माणसाची. बकेट दगडासाठी आहे, माणसासाठी नाही. बकेटीत बसून, किंवा दोराला धरून, आकड्यावर पाय देऊन खाली-वर करू नका. शिडीने उतरा, आणि कमरेला वेगळा दोर बांधा. तो दोर वर पक्क्या जागी बांधलेला असावा. बकेट वर जात असेल तेव्हा खालच्या माणसांनी काम थांबवून लांबच्या बाजूला भिंतीशी उभे राहावे. डोक्यावर टोप असावा. वर मलबा ओढणाऱ्या बायाबापड्यांनीही काठापासून दूर थांबावे. बकेट काठावर टेकली, की मगच पुढे यावे. इशारा एकाच माणसाने द्यायचा. “थांब” हा इशारा मात्र कोणीही दिला, तरी यारी थांबली पाहिजे.

पाचवी गोष्ट जागेची. काठ पोकळ असेल, पाऊस पडून माती भिजली असेल, तर यारी मागे घ्या. यारीच्या मागच्या बाजूला भरपूर वजन ठेवा, नाहीतर ती पुढे कलंडते. वर विजेच्या तारा असतील तर तिथे यारी उभी करू नका.

कायदा काय म्हणतो, हेही ऐका. १९४८ साली कारखान्यांचा कायदा झाला. त्यात लिहिले होते की, यारी, साखळ्या आणि दोर जाणत्या माणसाने १२ महिन्यांतून एकदा तरी नीट तपासले पाहिजेत. माल चढवणारा पाळणा ६ महिन्यांतून एकदा तपासला पाहिजे. यंत्र किती वजन उचलू शकते, तो आकडा त्यावर स्पष्ट लिहिला पाहिजे, आणि त्याहून जास्त वजन उचलू नये. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवी कामगार संहिता आली. कायद्याचे नाव बदलले, तरी दोर झिजायचा तो झिजतोच. पण शेतातली विहीर म्हणजे कारखाना नव्हे. तिथे साहेब येत नाही. तिथे तपासणारे आपणच.

आता खरी अडचण बोलू. हे सगळे मजुराला कळत नाही काय? कळते. पण काम उक्ते असते, फुटावर पैसे मिळतात. शिवाय अंगावर उचल असते. तो मनात म्हणतो, “म्या बोललो तर उद्या कामावर कोण घेईल?” शेतकरी म्हणतो, “दोर पाहायचं काम यारीवाल्याचं.” यारीवाला म्हणतो, “हा हंगाम निघू द्या, मग बदलू.” असे तिघेही दोराकडे पाहत नाहीत, आणि खाली उतरतो तो एकटा मजूर.

म्हणून माझे सांगणे तिघांनाही आहे. शेतकरीदादा, काम ठरवताना पैशाबरोबर दोराचेही ठरवा. “नवा दोर कवा घातला?” असे विचारा. दोन पैसे जास्त गेले तरी चालतील. विहिरीला पाणी लागले, की आपण नारळ फोडतो. त्या पाण्यावर कोणाचे रक्त नसावे. यारीवाले भाऊ, दोराचा खर्च हंगामाच्या आधी धरा. आणि मजूर भावांनो, एकट्याने बोलायला भीती वाटते, तर सगळे मिळून बोला. “दोर दाखवा, मग उतरतो,” एवढेच म्हणा. सगळ्या टोळीने म्हटले, तर एकट्याचे काम जात नाही.

आता तुम्हाला अक्षर येते, आकडा येतो. उद्या कामावर जाल तेव्हा यारीवर वजनाचा आकडा लिहिला आहे का, ते पाहा. असेल तर मोठ्याने वाचा. नसेल तर मालकाला विचारा आणि रंगाने लिहून घ्या. त्याच्या शेजारी दोर कोणत्या तारखेला बदलला, तेही लिहा. मग खाली या चार ओळी लिहा :

दोर पाहिला का?
बकेट काठाच्या खाली भरली का?
खालची माणसे बाजूला झाली का?
बकेटीत माणूस नाही ना?

चारही उत्तरे बरोबर आली, म्हणजे इंजिन सुरू करा.