मालमोटार मंद गतींत कां बंद पडते ?

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या मालमोटारींविषयीं एक तक्रार वारंवार ऐकूं येते. मोकळ्या रस्त्यावर गाडी उत्तम धांवते. परंतु छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादच्या, एखाद्या चौकांत उभी राहिली, किंवा खुलदाबादचा घाट उतरतांना ॲक्सिलरेटरवरील पाय उचलला, कीं इंजिन थरथरूं लागतें व बंद पडतें. यांत खोळंब्याहून मोठा धोका आहे. अनेक जड गाड्यांच्या ब्रेकांस इंजिनांतील निर्वाताचें साह्य असतें. गाडी न्यूट्रलमध्यें उतरत असतां इंजिन थांबलें, तर तें साह्य थोड्याच वेळांत संपतें आणि ब्रेकचें पेडल अतिशय जड होतें. म्हणून उतारावर गाडी गिअरमध्यें ठेवणें आणि दोषाचें मूळ शोधणें, हीं दोन्ही चालकाचीं कर्तव्येंच होत.

अशा मालमोटारी आतां थोड्या उरल्या आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्करानें विक्रीस काढलेल्या गाड्यांनीं व कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यांतील डॉज-फार्गो मोटारींनीं एके काळीं पुष्कळ माल वाहिला. १९५४ सालापासून जमशेदपूरच्या डिझेल मालमोटारी आल्या व पेट्रोलच्या गाड्या मागें पडल्या. डिझेल इंजिनास कार्ब्युरेटर नसतोच. तथापि हौशी मंडळींनीं जतन केलेल्या मोटारींस, आणि घरोघरच्या जुन्या स्कूटरींसही, पुढील विवेचन बव्हंशीं लागू पडेल.

पेट्रोल व हवा यांचें योग्य मिश्रण करणें हें कार्ब्युरेटरचें काम होय. वजनानें एक भाग पेट्रोलास सुमारें पंधरा भाग हवा लागते. कार्ब्युरेटरचा गळा मध्यें अरुंद असतो. तेथें हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि मुख्य जेटमधून पेट्रोल ओढलें जातें. हें तत्त्व व्हेंचुरी (१७४६–१८२२) या इटालियन शास्त्रज्ञाच्या नांवानें ओळखलें जातें. परंतु पाय उचलल्यावर थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते, गळ्यांतील हवा मंदावते व मुख्य जेटमधून पेट्रोल येईनासें होतें. मग झडपेच्या कडेजवळील एका सूक्ष्म छिद्रांतून तें पुरविलें जातें. या व्यवस्थेस मिस्त्री लोक 'स्लो' म्हणतात. दोन्ही मार्ग निराळे असल्यामुळेंच गाडी वेगांत निर्दोष व थांबल्यावर सदोष दिसते.

बहुतेक लोक प्रथमच स्क्रू फिरवूं लागतात. ही घाई नडते. प्लग काजळलेले, पॉइंट जळालेले किंवा व्हॉल्व्हचें अंतर चुकलेलें असेल, तर निर्दोष कार्ब्युरेटरही दोषी ठरतो. यास्तव प्रथम ठिणगी, मग हवा, मग पेट्रोल आणि शेवटीं स्क्रू, हा क्रम पाळावा.

इंजिन पूर्ण तापल्यावर चोक किंचित् ओढून पाहावा. इंजिन सुधारलें, तर पेट्रोल कमी पडत आहे असें समजावें. एक तर स्लो जेट तुंबला आहे, किंवा कोठून तरी फाजील हवा शिरत आहे. मॅनिफोल्डच्या सांध्यांवर तेलाचे थेंब सोडावे. इंजिनाचा आवाज बदलला, तर गळती तेथेंच आहे. या कामीं कित्येक जण पेट्रोल शिंपडतात. तें आगीस आमंत्रण होय. थ्रॉटलचा दांडा झिजून सैल झाला असेल, तर तेथूनही हवा शिरते. त्यास स्क्रूचा उपाय नाहीं. नवा बुशच बसवावा लागतो. तुंबलेला जेट हवेच्या झोतानें साफ करावा. आंत तार घातली, तर छिद्र रुंदावतें आणि जेट कायमचा बिघडतो.

उलट, चोक ओढतांच इंजिन गुदमरलें व काळा धूर सुटला, तर पेट्रोल अधिक होत आहे. हवेचा फिल्टर धुळीनें भरला आहे काय, फ्लोटची नीडल गळते काय, हें पाहावें. पितळी फ्लोट कानाशीं हलवावा. आंत पेट्रोल डुचमळलें, तर तो फुटका आहे. गरम पाण्यांत बुडवितां जेथून बुडबुडे निघतील, तेथें छिद्र सांपडेल. मात्र जवळ विस्तव नसावा.

व्हॅक्यूम गेज असल्यास काम सोपें होतें. समुद्रसपाटीस निरोगी इंजिनाचा कांटा पाऱ्याच्या सुमारें १७ ते २१ इंचांवर स्थिर राहतो. दर हजार फूट उंचीस सुमारें १ इंच उणा धरावा. संभाजीनगर सुमारें १,८५० फूट उंचीवर आहे. येथें कांटा दोन इंच खालीं दिसला, म्हणून चांगलें इंजिन खोलूं नये. कांटा ठराविक अंतरानें झुकत असेल, तर एखादा व्हॉल्व्ह नीट बसत नाहीं असा संशय घ्यावा.

इतकें झाल्यावरच मिश्रणाचा स्क्रू हातीं घ्यावा. तो हलकेच टेकेपर्यंत आंत न्यावा आणि सुमारें दीड फेरा मागें घ्यावा. जोरानें आवळल्यास त्याचें टोक कायमचें दबतें. मग पाव पाव फेरा फिरवीत इंजिन सर्वांत संथ व एकसुरी चालेल तें स्थान शोधावें. कांहीं कार्ब्युरेटरांत हा स्क्रू पेट्रोल आवरतो, तर कांहींत हवा. त्यामुळें फिरविण्याची दिशा उलट होते, हें ध्यानांत ठेवावें.

आजकाल पेट्रोलांत २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतें. इथेनॉलास वजनानें सुमारें नऊ पट हवाच पुरते. त्यामुळें जुन्या जेटांतून होणारें मिश्रण पातळ पडतें. शिवाय तें दमटपणा शोषितें व जुनें रबर खराब करितें. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल, तर फ्लोटची वाटी रिकामी करून ठेवावी. जुने रबरी नळही वेळोवेळीं तपासावे.

एका वेळीं एकच बदल करावा व तो वहींत टिपून ठेवावा. आणि बंद गॅरेजमध्यें इंजिन चालवून ही तपासणी कधींही करूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग वा वास नसतो, आणि त्याची बाधा झाल्याचें माणसास बहुधा उशिरां कळतें. दारें सताड उघडावीं, किंबहुना गाडी अंगणांत आणावी आणि मगच किल्ली फिरवावी.