तागाचा पीळ आणि दुर्बिणीची नळी



‘वैद्यकीय प्रतिमांसाठी नॅनोरचनायुक्त प्रकाशिकी’ हे आमच्या पीएच.डी.च्या प्रबंधाचे शीर्षक उच्चारले की विचारणारा हळूच चहाकडे वळतो. त्याचा दोष नाही. गेल्या गणेशोत्सवात मात्र मंडळातील एका मावशींनी वेगळाच प्रश्न केला. त्यांच्या फुप्फुसाची दुर्बीण घालून तपासणी व्हायची होती. “तुझ्या त्या अभ्यासाने ही नळी बारीक होईल का रे?” आम्ही तेव्हा उत्तर टाळले. ते आज देतो.

आरंभ याच शहरापासून करावा लागतो. प्रेसिडेन्सी कॉलेजातील प्राध्यापक जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास काही मिलिमीटर लांबीच्या विद्युत्‌लहरी निर्माण केल्या. त्या पारखण्याची त्यांची साधने पाहून कौतुक वाटते. रेल्वेच्या वेळापत्रकाच्या पानापानांत कथिलाचा वर्ख घालून त्यांनी लहरी गाळून घेतल्या. (गावाकडच्या गाडीची वेळ पाहण्यापलीकडे आपल्याला वेळापत्रकाचा उपयोग कधी सुचला नाही!) दुसरे साधन होते बंगालच्या घरोघरी ठाऊक असलेला ताग. १८९८ साली त्यांनी पीळ दिलेल्या तागाच्या जुड्यांतून लहर सोडली. उजव्या पिळाने तिच्या कंपनाचे प्रतल एका बाजूस वळले, डाव्या पिळाने दुसऱ्या बाजूस. दोन्ही जुड्या सारख्या प्रमाणात घेतल्या की परिणाम नाहीसा झाला. साखरेचे द्रावण प्रकाशाचे असेच करते.

सुंभ जळला तरी पीळ जळत नाही, असे आपण हट्टी माणसाविषयी म्हणतो. बोसांच्या प्रयोगात गुण खरोखरच सुंभाचा नव्हता, पिळाचा होता. लहरीला वळवते ती द्रव्यापेक्षा अधिक त्याची रचना, आणि ही रचना लहरीच्या मापाची असावी लागते. आमचा सारा विषय या एका वाक्यात मावतो.

पाच मिलिमीटरच्या लहरीपेक्षा हिरवा प्रकाश सुमारे दहा हजारपट आखूड असतो. तेव्हा ‘ताग’ही तितकाच बारीक हवा. तो कोरण्याची साधने शतकभर नव्हती. संगणकाच्या चकत्या घडविणाऱ्या उद्योगाने ती दिली. २०१६ साली हार्वर्डच्या फेदेरिको कापासो यांच्या गटाने काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडचे सूक्ष्म खांब उभारून दृश्य प्रकाशासाठी सपाट भिंग सिद्ध केले. प्रत्येक खांब आपल्या जाडीप्रमाणे प्रकाशाला कमीअधिक थोपवतो आणि किरण एका बिंदूत मिळतात. फुगीर काच लागतच नाही.

२०१८ साली असेच भिंग, सिलिकॉनच्या खांबांचे, शरीरात घालण्याच्या नळीच्या टोकाशी बसविण्यात आले. नळीच्या वक्र पारदर्शक आवरणातून जाताना किरण विस्कटतात. हा दोष खांबांच्या मांडणीतच आधी भरून काढला होता. शस्त्रक्रियेत काढलेल्या मानवी फुप्फुसाच्या भागात आणि जिवंत मेंढ्यांच्या श्वासमार्गात त्याने पेशीजालाच्या पृष्ठभागाखालचे थर स्पष्ट दाखविले. वेगवेगळ्या रंगांचे किरण वेगवेगळ्या अंतरावर मिळणे हा सपाट भिंगाचा जुना दोष. तोच त्या गटाने अधिक खोलवर रेखीव पाहण्यासाठी वापरला. आम्हांला ही युक्ती भिंगापेक्षाही मोलाची वाटते.

मग मावशी, नळी बारीक होईल का? केवळ भिंगामुळे फारशी नाही. नळीची जाडी एकट्या भिंगाने ठरत नाही; प्रकाशतंतू, तो फिरविणारी तार आणि वरचे आवरण यांनाही जागा लागते. लाभ आहे तो स्पष्टतेचा. तपासणीसाठी तुकडा नेमका कुठून काढावा, हे डॉक्टरांना अधिक नीट कळावे, एवढीच आमची आशा आहे. प्रकाश पेशीजालात जेमतेम दोनएक मिलिमीटर उतरतो. खोलवरचे त्याला दिसत नाही. आमचे स्वतःचे नमुने तर अजून प्रयोगशाळेच्या मेजावरच आहेत.

मावशींची तपासणी नेहमीच्याच दुर्बिणीने झाली. आज त्या दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. “आणि खर्च किती रे?” हा प्रश्न त्यांच्या चेहऱ्यावर आम्हांला येथूनही वाचता येतो.