आधी हात लावू, मग मागणी मांडू



१९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्सची स्थापना झाली आणि पुढे नोकरीनिमित्त आपली कितीतरी घरे गोविंदपुरा, पिपलानी, बरखेडा भागात स्थिरावली. गणपतीचा मांडव घालणे, पंगत वाढणे आपल्याला शिकवावे लागत नाही. पण हे सारे आपल्याच अंगणात. शहराने आपले ऐकावे असे वाटते, तर शहराच्या कामात आपण दिसतो का?

धावणाऱ्यांच्या क्लबाला शर्यतीच्या दिवशी असेच सरावलेले हात हवे असतात. पूर्ण मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, साधारण दर ५ किलोमीटरवर पाणी लागते. अंधार असतानाच टेबले मांडायची, पेले भरायचे, वळणावर उभे राहून वाट दाखवायची आणि शेवटचा धावपटू गेल्यावर रस्ता झाडून काढायचा. पळता आलेच पाहिजे असे नाही. वेळेवर पोचले पाहिजे.

मात्र तिथे मंडळाचा फलक नको. उद्या रस्त्याचा, पाण्याचा प्रश्न घेऊन आपण नगर निगममध्ये जाऊ, तेव्हा हिंदी, मल्याळी, बंगाली शेजारीही बरोबर येतील. पहाटे त्यांच्यासोबत आपण टेबल उचललेले असेल.

सभेनंतर नावे नोंदवावीत. पहिली नावे आम्हा कार्यकारिणीचीच आहेत.