आइसलँडला कधी जावे?

श्रोतेहो, आइसलँडला निघालेली माणसे बहुधा दोन इच्छा बरोबर नेतात. मध्यरात्रीचा उजेड पाहायचा, आणि आकाशात हिरवा झळकणारा ध्रुवीय प्रकाशही पाहायचा. आता या दोन्ही गोष्टी एकाच फेरीत कशा जमाव्यात? ध्रुवीय प्रकाश दिसायला काळोख लागतो, आणि जूनमध्ये तिथे काळोख पडतच नाही! साठवलेली पुंजी मोडून एवढ्या लांब जायचे, तर हे आधी उमगलेले बरे.

राजधानी रेक्याविक ६४ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनच्या सुमारास तिथला दिवस २१ तासांचा, तर डिसेंबरअखेर जेमतेम ४ तासांचा. आपल्याकडे हा फरक दोन-अडीच तासांचाच. शिक्षकांनी पृथ्वीचा गोल कलता धरून दिव्याभोवती फिरवला, म्हणजे मुलांना कारण चटकन कळेल. थंडीचे भय मात्र वाटते तेवढे नाही. उबदार सागरी प्रवाहामुळे जानेवारीतही राजधानीचे सरासरी तापमान शून्याच्या आसपास राहते. खरा जाच वाऱ्याचा. हिवाळी वादळात रस्ते बंद होतात. आणि मधल्या डोंगराळ मुलखातल्या वाटा तर साधारण जूनअखेरपासून सप्टेंबरपर्यंतच खुल्या.

तिथल्या जुन्या पंचांगात ऋतू दोनच, उन्हाळा आणि हिवाळा. १९ ते २५ एप्रिलच्या दरम्यान येणारा गुरुवार हा ‘उन्हाळ्याचा पहिला दिवस’. त्याची सार्वजनिक सुटीही असते. त्या दिवशी कधी कधी बर्फ पडते, ही गोष्ट वेगळी! तेव्हा नुसत्या नावावर जाऊ नये.

मला विचाराल, तर सप्टेंबरचा पहिला पंधरवडा. दिवस तेरा-चौदा तासांचा, म्हणजे हिंडायला पुरेसा. रात्री काळोख, म्हणून आभाळ निरभ्र असेल तर ध्रुवीय प्रकाशाची आशा. पफिन पक्षी तोवर समुद्रावर निघून गेलेले असतात, एवढे सोसावे लागते.

पण शेतकऱ्याने पाहावे असे काही तेव्हाच घडते. उन्हाळाभर डोंगरात मोकळी सोडलेली मेंढरे गावकरी घोड्यांवरून आणि पायी हाकून खाली आणतात. मोठे गोल कोंडवाडे असतात. मध्ये चौक, भोवती चाकाच्या आऱ्यांसारखे कप्पे, एकेका शेताचा एकेक. कानावरची खूण पाहायची, शिंग धरायचे आणि मेंढरू आपल्या कप्प्यात ओढायचे. शहरात गेलेली मुलेबाळेही हातभार लावायला घरी येतात. पाहुण्यालाही तिथे उभे राहून पाहता येते. पावसाला आणि वाऱ्याला दाद न देणारा डगला मात्र अंगावर हवा.